शुक्रवारी चिरलेली लिंबे

खोली पाहायला गेले तेव्हा त्या बाईंनी मला जात विचारली नाही, पगार विचारला नाही, घरी परतण्याची वेळही विचारली नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर मला थांबवून त्यांनी एवढेच विचारले, "पाणी कुठलं पेत आली तू?"

मी म्हणाले, "साखरखेर्ड्याचं."

"नळाचं का विहिरीचं?"

"लहानपणी विहिरीचं."

त्यांनी डोळे मिटले. विसरलेले एखादे नाव जिभेच्या टोकाशी यावे आणि माणसाने त्याची वाट पाहावी, तशा त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे घाटावरची. ये. चपला बाहीर काढ."

नांदुऱ्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवण्यासाठी मी आले होते, आणि पुढची काही वर्षे त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहिले. त्यांना मी काकू म्हणत असे. गल्लीतले लोक त्यांना माघारी 'किटलीवाल्या बाई' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होते. "किटलीवाली म्हणतेत न? म्हणू दे," त्या म्हणत. "भांड्यावरून नाव पडलं, भांडणावरून तं नाही पडलं!"

आमच्या जिल्ह्याला दोन मजले आहेत. वरचा मजला घाटावरचा: डोंगरउताराचा, मुरमाड जमिनीचा, गोड्या पाण्याचा. खालचा मजला पूर्णेच्या काठचा: सपाट, काळा, कपाशीचा, आणि त्या काळ्या मातीच्या पोटातले पाणी खारट. काकू वरच्या मजल्यावरची मुलगी, जानेफळची. खालच्या मजल्यावर दिलेली. लग्नानंतर पहिल्या सकाळी सासरच्या अंगणातल्या हापशीचे पाणी त्यांनी तोंडात घेतले आणि ते गिळावे की थुंकावे हे न कळून त्या तशाच उभ्या राहिल्या, गाल फुगवून, सगळ्या सासरच्या माणसांसमोर. ही गोष्ट काका सांगत. काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, मोजके बोलणारे गृहस्थ. पण ही गोष्ट सांगताना त्यांचे गालही हळूच फुगत. "मी हुंडा नाही घेतला," ते म्हणत, "पाणी तपासाले बाई घेतली."

आणि खरोखरच, त्या बाईंनी सगळे आयुष्य पाणी तपासण्यात घालवले होते. कोणाच्याही घरी गेल्या की चहा पिण्याआधी त्या स्वयंपाकघरात एक फेरी मारीत. नात्यातल्या एका मुलासाठी मुलगी पाहायला सगळे शेगावला गेले होते. बाकीचे मुलीकडे पाहत असताना काकू पाणी पिण्याच्या निमित्ताने आत गेल्या, मोरीतली पातेली एकेक करून उजेडाकडे उपडी धरून पाहिली, आणि बाहेर येऊन पोह्यांची बशी हाती घेण्यापूर्वीच म्हणाल्या, "पोरगी आमची." मुलीच्या वडिलांना काही कळेना. काकू म्हणाल्या, "तुमचं पाणी आमच्यापेक्षा खारं, आन् पातेल्याचा तळ आरशासारखा. ज्या घरात तळ घासतेत त्या घरात काही लपवत नाहीत." ते लग्न झाले. ती सून आजही काकूंना भेटायला येताना तळ तपासला जाईल म्हणून डबादेखील घरीच ठेवून येते, असे गल्लीत चेष्टेने म्हणत.

विजेची किटली त्यांच्या घरी आली ती भाऊबिजेला. त्यांचा एकुलता भाऊ त्या वर्षी वारला होता. आई-वडील तर कधीच गेले होते. दिवाळी आली, आणि काकूंनी पाट मांडला नाही, आरतीचे तबक काढले नाही. दुपारी दारात बंडू उभा राहिला, भावाचा मुलगा. नांदुऱ्यातच त्याने पाणी शुद्ध करून जार विकायचा कारखाना टाकला होता. हातातला खोका पुढे करून तो म्हणाला, "आत्या, ओवाळ. बाबाच्या जागी मी आलो." ओवाळणीत त्याने ती किटली घातली. चकचकीत पोलादी पोट, काळी मूठ, आणि दाबले की निळा डोळा उघडणारे बटण. काकूंनी ती दोन्ही हातांत धरली. जानेफळचे सगळे घर आता एवढ्याशा भांड्यात मावले आहे, असे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसले.

किटलीला त्या 'ती' म्हणत आणि माणसासारखी वागवीत. पाणी तापू लागले की त्या उजवा कान तिच्याजवळ नेत. मलाही त्यांनी ऐकायला शिकवले. स्वच्छ तळाच्या किटलीत पाणी आधी बारीक गुणगुणते, मग एका सुरात चढत जाते. तळाशी क्षार बसला असेल तर ते कुरकुरते, अडखळते, बंद दाराआडून कोणी बोलावे तसा त्याचा आवाज येतो. "बोबडी वळली तिची," काकू म्हणत. "उद्या गुरुवार आहे, जीभ साफ करून देऊ."

गुरुवारचा तो सोहळा मी किती पाहिला, आणि एकदाही मला तो घरकाम वाटला नाही. खाऱ्या प्रदेशातल्या पाण्याने आठवडाभरात किटलीच्या तळावर चंद्रावर असतो म्हणतात तसा खडबडीत पांढरा थर चढलेला असे. काकू आधी तारेची घासणी दूर सारीत, "तिच्यानं ओरखडे पडतेत, आन् ओरखड्यातच खार घर करते." मग दोन लिंबांचा रस, बियांसकट, आणि वर अर्धी किटली पाणी. लिंबे नसली तर चिंचेचा कोळ. पहिला थेंब त्या थरावर पडताच चर्र आवाज होई, अगदी लहान, तव्यावर मोहरी एकटीच तडतडावी तसा. पाणी उकळून निवायला ठेवीत. निवता निवता आत काहीतरी सुटत असे. कान लावला तर कळे. मग मऊ कापडाने एक हलका हात, आणि थराच्या खपल्या पाण्यावर तरंगत येत, तांदळाच्या कण्यांसारख्या. किटलीची बैठक मात्र पाण्याला शिवू द्यायची नाही, "तिचे पाय विजेचे आहेत." दोनदा धुऊन, एकदा नुसते पाणी उकळून फेकून, त्या किटली खिडकीशी नेत आणि आत पाहत. तळावर आभाळाचा तुकडा दिसला तरच काम झाले.

गुरुवार का, याचे उत्तर शुक्रवारात होते. शुक्रवारी काकूंचा देवीचा उपास असे. गूळ-फुटाण्यांचा नैवेद्य, आणि घरात आंबट वस्तूला हातदेखील लावायचा नाही. लग्नानंतर काकांना एका आजारातून उठवताना त्यांनी हा शुक्रवार धरला होता आणि पुढे कधीच सोडला नाही. एकदा गुरुवार चुकला, तेव्हा मी शुक्रवारी म्हणाले, "काकू, किटली कुरकुरते आहे, मी लिंबू पिळू का?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी देवघरात चपला घालून शिरले होते. "तिचाही उपास आहे आज," त्या म्हणाल्या. माझ्या हातातले लिंबू काढून घेऊन त्यांनी ते टोपलीत ठेवले आणि वर फडके झाकले.

मग काकांच्या पायांवर सूज आली. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितले की मूत्रपिंडे थकली आहेत, आता एक थेंबही बोअरचे पाणी नको, फक्त शुद्ध केलेले. इतकी वर्षे दुसऱ्याच्या हातचे पाणी घरात न घेणाऱ्या काकूंनी त्याच संध्याकाळी बंडूला निरोप धाडला. दुसऱ्या दिवसापासून बंडू आपल्या 'छोटा हत्ती' टेम्पोतून स्वतः जार आणून देऊ लागला.

पहिल्याच आठवड्यात किटलीचे रूप पालटले. गुरुवारी काकूंनी तिच्यात लिंबू पिळले, उकळले, ओतले. पाण्यावर काहीच आले नाही. "काही निघालं नाही वो!" त्या ओरडल्या, आणि ते नितळ पाणी परातीत घेऊन मला दाखवायला माडी चढून आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. लग्नाच्या पहिल्या सकाळपासून ज्याच्याशी भांडण चालले होते, तो खार अखेर हरला होता.

काका मात्र पेला हातात घेऊन बसून राहत. "बंड्या," ते एकदा भाच्याला म्हणाले, "हे पाणी आहे का हवा आहे बे? आलं कुठून, गेलं कुठं, काही समजत नाही."

"मामा, शुद्ध पाणी असंच असते."

"शुद्ध असन. पाणी नाही."

काकू आतून म्हणाल्या, "सवय होईन! मले नाही झाली का तुमच्या खाऱ्याची? अर्धं आयुष्य गेलं."

"तुले झाली कुठं?" काका पुटपुटले. "तुह्या माहेरचं पाणी एकदा घाल तिच्या पोटात. मंग पाहू."

पण किटली जानेफळला न्यायला काकू तयार नसत. "तिकडच्या पाण्याले तपासाची गरजच नाही," असे म्हणून त्या विषय मिटवीत, जरा घाईनेच.

एका गुरुवारी दुपारी मी महाविद्यालयातून परतले तेव्हा काकू किटली मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी मला आत पाहायला सांगितले. तळावर पांढुरकी साय होती, नखाने रेघ ओढता यावी इतकी.

"मागल्या गुरुवारी धूसर वाटलं," त्या म्हणाल्या. "म्हणलं, चष्मा असन."

बोलण्यासारखे एकच होते, आणि ते त्या मनातल्या मनात शेवटपर्यंत बोलून झाल्या होत्या. जार बंडूच्या हातचा. डॉक्टरांनी एक थेंब नको म्हटलेले. आणि बंडू म्हणजे जानेफळच्या घराचे उघडे राहिलेले शेवटचे दार. त्याला 'तुझे पाणी खोटे आहे' म्हणणे म्हणजे ते दार आपल्या हाताने लावून घेणे. न म्हणणे म्हणजे पलीकडच्या खाटेवर पेपर वाचणाऱ्या माणसाला घोटाघोटाने गमावणे. काकूंनी लिंबू पिळले नाही. किटली तशीच फळीवर ठेवली, मला स्टेशनवरून पाण्याच्या बंद बाटल्या आणायला सांगितल्या, आणि काकांना त्यातले पाणी दिले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी मी चहासाठी खाली उतरत होते, आणि जिन्याच्या मध्यावर माझे पाऊल थांबले. घरात लिंबाचा वास होता. ताजा, हिरवा, नाकात झोंबणारा, नुकत्याच चिरलेल्या लिंबाचा वास. ज्या घरात शुक्रवारी टोपलीवर फडके झाकले जाई, त्या घरात.

बंडू पाटावर बसला होता. जानेफळच्या घरी व्हायच्या मुलाच्या जावळाचे आमंत्रण घेऊन आला होता. "आत्या, रविवारी गाडी पाठवतो. तुह्या मांडीवरच बसवायचं आहे लेकराले. तू नाही आली तं कार्यच नाही." तो भरभरून बोलत होता. समोर काकू बसल्या होत्या. त्यांच्या पुढ्यात किटली, पितळी परात, आणि चिरलेली लिंबे.

"येतो न बापा," त्या म्हणाल्या. "कान इकडे कर पहिले."

त्यांनी रस पिळला. तो लहानसा चर्र आवाज झाला. "आयकलं?"

बंडूचे बोलणे तुटले. काकूंनी पाणी घातले, बटण दाबले. निळा डोळा उघडला. पाणी कुरकुरत, अडखळत तापू लागले, उकळले, मग निवले. खोलीभर लिंबाचा वास मोकळा फिरत होता. मग काकूंनी किटली परातीत ओतली. पिवळ्या पितळेवर पांढऱ्या कण्या पसरल्या.

"तुह्या बापाच्या जागी देल्ली तू मले ही," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "हे तुह्याच जारातलं आहे. मी काहीच म्हणत नाही. हिनं सांगतलं ते तुले दाखवलं."

बंडूने परातीकडे पाहिले, मग दाराकडे, मग पुन्हा परातीकडे. "मेंब्रेन गेलं असन, आत्या. मशिनीतली गाळणी."

"साऱ्या गावाले हेच पाजून राह्यला?"

"हाव," बंडू म्हणाला. "माहीच चूक आहे."

"त्याले काऊन बोलतं?"

काका दारात उभे होते. लिंबाच्या वासाने ते खाटेवरून उठून आले असावेत. चौकट धरून उभे, सुजलेल्या पायांवर. "शुक्रवारी लिंबू चिरलं तू," ते म्हणाले. जणू तेच सर्वांत मोठे आक्रीत होते. मग म्हणाले, "मशीन चांगली आहे त्याची. मीच हातापाया पडलो त्याच्या. म्हणलं, आपल्या एका जारात तांब्याभर बोअरचं टाकत जा. तो नाहीच म्हणे. मी शपथ घातली, आत्याले सांगजो नको."

बंडू खाली मान घालून रडत होता. गावभर खोटे पाणी विकल्याचा आळ त्याने अंगावर घेतला होता, एका म्हाताऱ्याची शपथ मोडू नये म्हणून.

"जन्मापासून तेच पेलो न मी," काका काकूंना म्हणाले. "माह्या मायच्या हातचं तेच. तुले खारं लागते. मले ते... पाणी लागते."

आता काकूंचा बांध फुटेल असे मला वाटले. त्यांनी ज्याच्यासाठी व्रत धरले, ज्याच्यासाठी ते मोडले, त्यानेच त्यांच्या पाठीमागे आपल्या पेल्यात खार मागून घेतला होता. पण त्या काकांकडे पाहत राहिल्या, बराच वेळ, मान किंचित कलती करून. किटलीजवळ कान नेताना त्या जशा दिसत, तशाच त्या दिसत होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्या बहुधा प्रथमच ऐकत होत्या की खालच्या मजल्यावरच्या माणसालाही एक माहेर असते, आणि ते त्याच्या जिभेवर असते.

त्या उठल्या. बंडूच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "जा, चांगलं पाणी घेऊन ये. चहा पेल्याशिवाय जायचं नाही. आन् रविवारी गाडी धाडजो." मग फळीवरचा तांब्या घेतला आणि अंगणात गेल्या. हापशीचा दांडा करकरला. भरलेला तांब्या घेऊन त्या काकांसमोर आल्या.

"घ्या. चूळ भरा."

काकांनी तांब्या हातात घेतला.

"चव घ्या. घोट नका घेऊ."

काकांनी पाणी तोंडात घेतले. गाल फुगले. डोळे मिटले. सुरकुतलेल्या त्या चेहऱ्यावर हळूहळू काय काय उतरत गेले ते मी लिहू शकत नाही. मी एवढेच पाहिले की चौकट धरलेला त्यांचा हात सैल झाला. आणि काकू त्यांच्या अगदी समोर उभ्या होत्या, नजर त्यांच्या गळ्यावर रोखून. तो गळा जरा जरी हलला असता तरी त्यांच्या नजरेतून सुटला नसता.

"थुका आता," त्या म्हणाल्या.

काका जाऊन तुळशीपलीकडे चूळ टाकून आले. तेव्हापासून रोज सकाळी तो तांब्या भरला जाऊ लागला.

दुपारी मी भीत भीत विचारले, "काकू, शुक्रवारचं काय?"

"पुढल्या शुक्रवारपासून पहिल्यानं धरीन," परात घासता घासता त्या म्हणाल्या. "देवीले विचारलं मी, हा उपास तुह्यासाठी होता का ह्यांच्यासाठी? ती काही बोलली नाही. म्हणजे समजलं तिले."

रविवारी जानेफळला जाताना त्यांनी किटली पदराखाली घेतली. काका पाहत होते. परतल्यावर त्या थेट माडीवर आल्या आणि झाकण उघडून किटली माझ्यासमोर धरली. दिवसभर तिच्यात जानेफळच्या घरच्या विहिरीचे पाणी उकळले होते. तळाशी, अगदी कडेला, पांढऱ्या रेघेसारखा पुसट क्षार होता.

"आमच्यातही आहे की वो," काकू म्हणाल्या. मग त्या हसू लागल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "जा, ह्यांले दाखव. मले लाज वाटते."

मी किटली खाली नेली. काकांनी चष्मा लावून आत पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "सांग तिले, काहीच नाही दिसत."

आता माझी बदली बुलढाण्याला झाली आहे. माझ्याही ओट्यावर एक किटली आहे, आणि गुरुवारी मी तिच्यात लिंबू पिळते. परवा सकाळी काकूंना फोन केला. पलीकडून आधी ऐकू आले ते पाण्याचे स्वच्छ, चढत जाणारे गुणगुणणे. मग हापशी करकरली. काकू मला विचारत होत्या, तिकडचं पाणी कसं आहे, तळ पाहिला का. आणि मधेच त्या बोलायच्या थांबल्या. मीही श्वास रोखून उभी राहिले, कारण त्या कुठे पाहत आहेत हे मला इथून दिसत होते.

"थुका," काकू म्हणाल्या.

पलीकडे शांतता.

"अहो, थुका!"

आणि दूर, तुळशीपलीकडे, दगडावर पाणी पडल्याचा आवाज आला.